दाजींचा ठोकळा

कुठल्याही एकट्यादुकट्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, असं व्रत घेतलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या ताईचा नवरा निघाला. दाजी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथली मोजायची सगळी साधनं सकाळी ठरलेल्या जाडीच्या एकाच पिनेवर लावून बघायची आणि त्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणाला कामाला हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. हे खातं ते घरीही घेऊन येत. कुणाला ताप आला की घरातले दोन्ही थर्मामीटर आधी पेलाभर कोमट पाण्यात बुडत आणि आजारी माणूस पांघरुणातून वाट बघत बसे. "आधी त्यांचं आपसात जमू दे, मग तुझं बघू," असं दाजी शांतपणे सांगत. बाजारात एकीकडे घेतलेली वांगी ते शेजारणीच्या तराजूत घालून बघत. एक भाजीवाली वैतागून म्हणाली, "काका, वांगी घ्यायची हायेत का नुसती फिरवायची?" दाजींनी तिचाच तराजू बरोबर ठरवला आणि पुढे कायम तिच्याकडूनच भाजी घेतली. ताई म्हणायची, माझी पत्रिकाही ह्यांनी दोन गुरुजींना दाखवली, दोघांचं जुळलं म्हणून माझं लग्न झालं.

ऐंशी सालच्या आसपास आमची मुलगी झाली, कळवणला, माझ्या बायकोच्या, सुमनच्या माहेरी, दिवस भरायच्या आधीच. एवढीशी पोर. तिथल्या दवाखान्यात दर आठवड्याला तिचं वजन व्हायचं. नाशिकला आणल्यावर इथल्या दवाखान्यात केलं, तर आधीपेक्षा कमी भरलं. आपलं दूध पुरत नाही, पोर हातची जाणार, असं सुमनच्या मनाने घेतलं आणि तिने जेवणच सोडलं. माझंही धाबं दणाणलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं, नाशिकच्या काट्यावर एक लोखंडी ठोकळा तोलला, फडक्यात गुंडाळला आणि सकाळच्या एसटीने कळवण गाठलं. मला तर त्यांचा रागच आला. इथे पोरीच्या जिवाची काळजी आणि हा गृहस्थ लोखंड घेऊन फिरतोय.

संध्याकाळी ते धुळीने माखून परतले. कळवणचा काटा तोच ठोकळा जास्त दाखवत होता. तेवढा फरक वजा केला तर पोर घटली नव्हती, उलट थोडी वाढलीच होती.

"सुमन, जेवून घे," दाजी म्हणाले. "भांडण काट्यांचं होतं. पोर वाढतेय."

सुमनने मुलीला त्यांच्या हातात दिलं. इतक्या लहान जिवाला घ्यायला ते तोवर घाबरत. दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचेच. "चांगली जड लागतेय की," एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून तसेच उभे राहिले.