सड्यावरचा तुरुंग आणि गावची पालखी

चुन्याची रेघ अर्ध्यावर आली आणि पुढे एक म्हैस बसलेली आढळली. म्हशीच्या मागे सगळं गाव बसलं होतं.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. चेन टाकून जागा मोजायची, कोपऱ्यांवर लाकडी पेग ठोकायचे, पेगपासून पेगपर्यंत चुना मारायचा, हे माझं काम. जागा होती रत्नागिरीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. स्वातंत्र्याच्या चळवळीमुळे तुरुंग भरले होते, म्हणून इंग्रज सरकारला नवा हवा होता. लोकांच्या प्रश्नाला या सरकारजवळ दगडी भिंतीखेरीज दुसरं उत्तर नाही. पगार मात्र मी त्याचाच खातो.

गावाची गुरं याच सड्यावर चरत. दुसरं कुरण नव्हतं. इथे भिंत उठली की गुरं विकायची, आणि मग भाताची जमीन नांगरायची कशाने?

धोंडूआबा गावकर पुढे बसले होते. देवाच्या कामात गावातर्फे बोलणारे तेच. मी त्यांच्या कानाशी लागलो. "आबा, सत्याग्रह करा. रेघेवर आडवे पडा. पत्रक मी लिहून देतो."

"आडवे पडलाव की पोलीस नेतील?"

"नेऊ देत!"

"आनि ठेवतील कुठं? तुरुंग भरलेत म्हनता. मग सायब म्हनेल, बघा, नवा पायजेच."

मी पत्रकं पुष्कळ वाचली आहेत. ही अडचण एकातही नव्हती.

तेवढ्यात मोटारीतून आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, रावसाहेब, उतरले. आबा म्हणाले, "देवाला इचारताव. तो व्हय म्हनला तर आमी उठताव."

हा कौल. म्हणजे देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"रावसाहेब, सरकारी साइट पाकळीवर ठरवायची?" मी भडकलो.

"मग एरवी कशावर ठरते असं वाटतं तुला?"

देवळात उजवी पाकळी टपकन पडली. रावसाहेबांनी देवाला इतका मनापासून नमस्कार केला, जणू तो त्यांचा कलेक्टर.

"तुमचा देवसुद्धा सरकारी निघाला," मी आबांना म्हणालो.

"उद्या रावसायबांना घेऊन या," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी म्हैस नव्हती. आबा स्वतः चुन्याची टोपली घेऊन उभे.

"देवाचा हुकूम, रावसायब. बांधा तुरुंग. म्हंजे आता हे आमच्या शिवेतलं एक घर झालं."

"बरं, मग?"

"शिमग्याला पालखी शिवेतल्या प्रत्येक घरी जाते. एक घर चुकवून चालत नाय. तुमच्याकडंबी येनार. ढोल-ताशे, सगळा गाव."

"आत? कैद्यांमध्ये?"

"घरातली मानसं ती. त्यांनी पालखी खांद्यावर घ्यायची, अंगनात नाचवायची आनि पुढच्या घरापर्यंत पोचवायची. जवान पोरं असतील तुमची. झकास नाचवतील."

रावसाहेबांनी घाम पुसला. "आणि दार उघडलंच नाही तर?"

"दार बंद असलं तर पालखी हालत नाय. उघडेपर्यंत ढोल वाजतो. शिमग्यात आमाला दुसरं काम नसतं."

"कौल पुन्हा लावता येईल का?"

"एका गोष्टीला एकदाच. आनि तुमी तर हात जोडलाव."

मोटारीत बसल्यावर रावसाहेब मला म्हणाले, "रिपोर्ट लिही. जागा खडकाळ असल्याने अयोग्य."

"रावसाहेब, रत्नागिरीत खडकाळ नाही अशी जागा..."

"लिही."

मी लिहिलं. खात्यात आल्यापासून इतक्या आनंदाने मी खोटं लिहिलं नव्हतं.

शिमग्याला आबांनी बोलावलं म्हणून गेलो. सड्यावर गुरं चरत होती. माझ्या चुन्याच्या रेघेवर त्यांनी यथेच्छ शेण टाकलं होतं. मी गुरवाला बाजूला घेऊन विचारलं, "डावी पाकळी जरा घट्ट दाबून लावली होतीत का हो?" उत्तर म्हणून त्याने पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर ठेवला. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी घाम निघेपर्यंत नाचलो.

रावसाहेब तुरुंगासाठी अजून जागा शोधताहेत. मी बरोबर असतोच. हल्ली चेन उलगडण्याआधी मी गावात एकच चौकशी करतो: पालखी कुठून जाते?