एल्सपेथच्या आजीचं नाव

विमानतळावर निरोप द्यायला दोन्ही घरची माणसं आली होती. सासरचे "अनघा, सांभाळून" म्हणत होते आणि माझी आईसुद्धा अनघाच म्हणत होती. मी तिची रेवती. पण लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवीन नाव लिहिलं आणि आईने मला बजावलं, "आता जुनं नाव कुणाच्या तोंडून निघायचं नाही. माझ्यासुद्धा." लेक देश सोडून निघाली, तेव्हाही ती परक्याच नावाने रडली. त्याचा मला अजून संताप येतो.

परदेशात क्लेमेंटी नावाच्या वस्तीतल्या फ्लॅटमध्ये संसार मांडला, जवळच्याच लॅबमध्ये नोकरी लागली. माझी बॉस एल्सपेथ, स्कॉटलंडची. ती आमच्याकडे जेवायला येणार म्हणून नवऱ्याने तिच्या नावाची चक्क घोकंपट्टी केली होती. उच्चार चुकला तर तिला वाईट वाटेल, म्हणे!

एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, जेवताना मी एल्सपेथला तिच्या नावाबद्दल विचारलं. ते एलिझाबेथचंच स्कॉटिश रूप, मूळ हिब्रू, देवाच्या शपथेशी जोडलेलं. लाडाने एल्सी किंवा एपी. आता तिकडेही ते आजीबाईंचं नाव वाटतं. शाळेत मुली तिला चिडवायच्या. पण त्यांच्याकडे जुना रिवाज असा, की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं. त्यामुळे तिच्या घरात एल्सपेथच्या पोटी जीन आणि जीनच्या पोटी एल्सपेथ, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. जुन्या थडग्यांवर नवऱ्याशेजारी बाईचं माहेरचं आडनावही कोरलेलं असतं, म्हणाली. मग सहज विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय?"

"सुलभा," मी म्हणाले आणि हातातला घास परत ताटात ठेवला. सुलभा हे तर आईचं सासरचं नाव. मामा तिला अक्का म्हणतात, बाबा "अगं" म्हणतात. जन्माचं नाव मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं! संध्याकाळी फोनकार्ड आणून आईला विचारलं.

"कशाला उकरून काढतेस? गोदावरी होतं," आई म्हणाली. होतं!

पुढे मला मुलगी झाली. पुण्याहून नणंदेने तन्वी हे नाव ठरवून टाकलं. मी गोदावरी म्हटल्यावर नवरा हसला. "अगं, किती जुनाट! इथल्या शाळेत कोणाला म्हणता येणार आहे?"

"तुला एल्सपेथ म्हणता येतं ना? मग त्यांनाही येईल."

"आणि ताईला काय वाटेल?"

मला काय वाटतं, ते कुणी विचारलं होतं? अंगठी फिरवायच्या आधी विचारलं होतं? तिकडे राहिलेल्यांनो आणि इकडे येऊनही तेच ताट मांडणाऱ्यांनो, तुमच्यातल्या किती जणांना आईचं जन्मनाव माहीत आहे?

बारशाला आत्या पुण्यात, बाळ क्लेमेंटीत. आत्याने फोनवरून कुर्र करायचं आणि मी रिसीव्हर बाळाच्या कानाशी धरायचा, असं ठरलं होतं. मी रिसीव्हर बाजूला ठेवला आणि बाळाच्या कानात स्वतःच म्हणाले, गोदावरी. नणंदेने अबोला धरला. नवरा आठवडाभर फुरंगटून बसला होता, पण शेवटी जन्मदाखल्यावर तेच नाव लागलं.

आईचा घाबराघुबरा फोन आला. "माझं नाव ठेवलंस? काय म्हणतील गं ते लोक?" नंतर हळूच म्हणाली, "म्हण बघू एकदा."

घर कुठलं, असं मला इथे सगळे विचारतात. पुणं म्हणावं तर तिथे मी अनघा, आणि इथे राहण्याच्या पासवरही अनघाच. मला विचाराल तर माझं घर आईच्या त्या फोनमध्ये होतं. मी मोठ्याने हाक मारली, "गोदावरी!"

आणि पलीकडून आईने ओ दिली.