तीर्थाची पळी

मुलांनो, काल सोसायटीच्या सत्यनारायणाला तीर्थ घ्यायला मी रांगेत उभी होते. माझा नंबर आला तेव्हा गुरुजींची पळी माझ्या तळहातावर येऊन थबकली.

"आजी, जरा बाजूला थांबता का? आधी सवाष्णी," ते हळूच म्हणाले.

तुमचे आजोबा गेल्यापासून हे मी बरेचदा ऐकलं आहे आणि दर वेळी मुकाट्याने बाजूला झाले आहे. काल मात्र पळीतलं ते हलणारं पाणी बघताना तीर्थ हा शब्दच मनात घोळू लागला. संस्कृतात तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं. तिथे माणसं उतरतात, गुरंही उतरतात. नवरा आहे का, असं त्या काठावर कुणी विचारत नाही.

"गुरुजी, मी रांगेतच आहे," मी म्हटलं आणि हात तसाच धरला.

"द्या हो," मागून शेजारच्या सुलभाताई म्हणाल्या. "त्या काही हलायच्या नाहीत, आणि त्यांच्याआधी मीही घ्यायची नाही."

गुरुजींनी पळी कलती केली. मी तीर्थ प्यायले आणि ओला हात माझ्या मोकळ्या कपाळावरून डोक्यापर्यंत फिरवला, सगळ्यांना दिसेल असा, सावकाश.