वाटेत वाढलेला गॅस

मी चोर पकडला होता. निदान आदल्या संध्याकाळपासून माझी तशी खात्री होती, आणि त्या खात्रीपायी मी घरात कुणाला धड जेवू दिलं नव्हतं.

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यावर बसून मी जे काम करते, ते सांगताना माझी नेहमी धांदल उडते, कारण मला ते फार आवडतं आणि आवडलेलं मी भरभर सांगते. जुन्या एसीत भरायचा एक गॅस आकाशातल्या ओझोनच्या थराला खातो. म्हणून त्याचा वापर कमी करत न्यायचा, असं जगातल्या देशांनी ठरवलंय. पण ठरवलेलं पाळतंय कोण, हे बघायला कुणीतरी लागतंच. बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टमचा कोड असतो आणि त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी, शाळेत शिकलो पुस्तकी मराठी. या गॅसचा कोड मात्र कुठल्याही बंदरात तोच! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. एका देशाने त्या कोडखाली किती गॅस पाठवला आणि दुसऱ्याने किती घेतला, हे शेजारी शेजारी मांडायचं. जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर मजा.

माझं जुळलं नाही. तिकडून निघालेला गॅस कमी, इकडे पोचलेला जास्त. म्हणजे पाठवणारे परवानगीपेक्षा जास्त माल पाठवतायत आणि कागदावर कमी दाखवतायत! घबाडच हाती लागलं होतं. हे आकडे तपासणाऱ्या मुंबईच्या आमच्या संस्थेतल्या मॅडमना मी लगेच मेल ठोकून दिला.

मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते आणि मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलवर माझं काम मांडायचं, मग मला ठेवायचं की नारळ द्यायचा ते ठरणार. नारळ मिळाला तर पुण्याला आत्याच्या मुलीकडे जाऊन मिळेल ती नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं होतं. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

सकाळी बा म्हणाला, "जिनिंगवर चाल संगं. याडीचे पाय दुखून राह्यले." कापसाने भरलेल्या पिकअपमध्ये आईच्या जागी मी बसले आणि आम्ही निघालो. जिनिंगसमोर गाड्यांची ही रांग! शेवटी एकदाची आमची गाडी काट्यावर चढली, वजन झालं, मी सुटकेचा निःश्वास टाकला. बा मात्र जागचा हलेना.

"झालं ना, बा? चाल ना घरी!"

"कायची चाल? हे गाडीसकट वजन हाये. कापूस खाली करू, रिकामी गाडी तोलू, मंग समजते कापूस किती. गाडी इकून राह्यलो का मी?"

हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरीही माझ्या तोंडचं पाणी पळालं. गॅस काही हवेतून उडत येत नाही, लोखंडी सिलिंडरमधून येतो. एकदा वापरून फेकायचं सिलिंडर असलं की त्याला वेगळा कोडही मिळत नाही, ते गॅसच्याच कोडखाली जातं. तिकडच्यांनी नुसता गॅस लिहिला असेल आणि इकडच्यांनी सिलिंडरसकट, तर वाटेत वाढलं ते लोखंड. माझा चोर लोखंडाचा होता!

स्वतःचा भयंकर राग आला. बाला तिथंच सोडून मी जीप धरली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत माझ्या वर्गातला एक मित्र एसी दुरुस्त करतो, त्याला जीपमधूनच फोन लावला.

"तुह्याकडं त्या गॅसचं रिकामं सिलिंडर हाये का? वजन करून सांग."

"काहून? भंगारचा धंदा सुरू केला का?"

"सांग ना बे!"

त्याने सांगितलं. घरी पोचताच प्रत्येक खेपेच्या नोंदीतली सिलिंडरं मोजून मी इकडच्या आकड्यांतून लोखंड वजा करत सुटले. एकेक खेप जुळायला लागली. माझं प्रकरण डोळ्यांदेखत विरघळत होतं आणि हात थांबत नव्हते. आणि मग एका बंदराच्या खेपा आल्या. तिथं वजा केल्यावर जुळेना, उलट गॅस कमी भरला. निघाला जास्त, पोचला कमी! सिलिंडरांच्या वजनाने इतके दिवस ती तूट झाकून ठेवली होती. मी शेजारचा कोड उघडला, परवाना न लागणाऱ्या दुसऱ्या गॅसचा. त्याच बंदरात, त्याच महिन्यांत, त्याची आवक फुगलेली. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं, पण कॉलची वेळ झाली होती.

"काल मेलमध्ये लिहिलं ते चूक आहे," मी सुरुवातच अशी केली. मॅडमचा चेहरा पडला. मी न थांबता लोखंडाचं सांगितलं, तुटीचं सांगितलं, शेजारच्या कोडचं सांगितलं. "चोरीच आहे असं आज म्हणत नाही. पण त्या बंदराला विचारायला हवं, कमी पडलेला गॅस दुसऱ्या नावाने आत आला का ते."

मॅडमनी स्क्रीनवरचे आकडे खालीवर सरकवत पुन्हा एकदा तपासले.

"हे आता सगळ्याच देशांच्या आकड्यांवर करावं लागेल," त्या म्हणाल्या. "वर्षभराचं काम आहे. तुझ्या गावातून जमेल ना?"

"हाव!" मी इतक्या जोरात ओरडले की नुकताच अंगणात आलेला बा तसाच आत धावला.

"काय झालं, पोरी?"

"मी कोठीच जात नाही, बा," म्हणाले, आणि मला रडूच फुटलं.