घरभरणीचं दुसरं गाऱ्हाणं

जानकीबाई राऊळ रंगात आल्या की मरोळची गोष्ट निघणार, हे त्यांच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. गोष्ट जुनी, पण सांगणारी कधी कंटाळली नाही. ऐकणाऱ्यांचा प्रश्नच नव्हता, त्यांना कोण विचारतो.

गिरण्यांचा संप फिसकटला आणि त्यांचे यजमान गुणाजी कायमचे घरी बसले, तेव्हाची ही गोष्ट. जानकीबाई तेविशीच्या असतील. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत शर्ट शिवणारा एक कारखाना होता, तिथे त्या लागल्या. तयार शर्टाचे लोंबते धागे कापायचे आणि शिलाई तपासायची. टेबलावर चौदा बायका, कोणी कुडाळची, कोणी सांगलीची, कोणी जुन्नरची. वरचा साहेब मात्र सगळ्यांना एकच हाक मारायचा, "ए घाटी लोग, हात चलाओ." चिडून नव्हे, हसत म्हणायचा. आपण गंमत करतोय असंच त्याला वाटत असावं.

दोन वर्षं त्यांनी ऐकून घेतलं. मग एके दिवशी माल परदेशी जायचा होता, खाली टेम्पो उभा होता, आणि साहेबाने नेहमीची हाक दिली. जानकीबाईंनी कात्री टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर. "हमारा नाम है, साब. हजेरी में लिखा है. वो बोलो, फिर हात चलेगा." शेजारच्या वनमालाने कात्री ठेवली. मग एकेक करत चौदा कात्र्या खाली. साहेबाने आरडाओरडा केला, घरी पाठवीन म्हणाला, पण टेम्पोवाला खालून हॉर्न मारत होता. शेवटी त्याने हजेरीचं पुस्तक मागवलं आणि उभ्याने चौदा नावं वाचली. त्यानंतर त्या टेबलावर तो शब्द पुन्हा आला नाही.

गोष्ट इथे संपायची. पण त्या दिवशी घरी आल्यावर जानकीबाई गुणाजींना काय म्हणाल्या, ते त्या कधी सांगत नसत. त्या म्हणाल्या होत्या, "माका घाटी म्हणता तो. आम्ही खयचे घाटी?"

आता कोकणी माणसाला हा शब्द जास्त झोंबतो, त्याचं कारण सरळ आहे. तो शब्द त्याने स्वतः दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला असतो. घाटाच्या वरून आलेला तो घाटी, साताऱ्याचा, कराडचा, कोल्हापूरचा. कधीकाळी त्यात दिशा होती, दुसरं काही नव्हतं. पुढे त्यात अडाणी, गबाळा, आपल्यापेक्षा खालचा असं एकेक भरत गेलं. मुंबईत बाकीच्यांनी तो उचलून सरसकट सगळ्या मराठी माणसांना चिकटवला, तेव्हा कोकणी माणूस चिडला. पण बहुतेक वेळा शब्दावर नाही, आपल्याला त्यात धरलं म्हणून.

जानकीबाईंचा मुलगा सुयोग विमानतळावर कामाला. त्याने लग्न केलं ते साताऱ्यातल्या पाटणकडच्या समीक्षाशी. ती अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते, कमी बोलते, कामाला वाघीण. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं आणि त्यात आपल्या माहेरच्या सवयीने दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घातलं. मालवणी सांबाऱ्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण असतं, कुटाचा तिथे काही संबंध नाही. जानकीबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "घाटीण ती घाटीणच," त्या म्हणाल्या. सगळे हसले. समीक्षाही हसली.

तेच तिचं नाव पडलं. घाटीण, चहा ठेव गो. आमची घाटीण इली काय कामावरसून? यात कोणाच्या मनात पाप नव्हतं, हे खरंच. समीक्षाच्या बाळंतपणात जानकीबाईंनी अडीच महिने तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नव्हता, स्वतःच्या हाताने तेल लावलं, रात्र रात्र नातीला, प्रांजलला, मांडीवर घेऊन बसल्या. कुटाची बरणी मात्र आधी चहाच्या डब्याशेजारी असायची, ती मागच्या रांगेत गेली, आणि एक दिवस दिसेनाशी झाली. जानकीबाईंच्या ते लक्षात आलं होतं. पोरगी आपल्या वळणावर आली, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला आणि मनातून खूश झाल्या.

यंदा त्यांच्या जुन्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत चावी मिळाली. चार वर्षं भाड्याने काढल्यावर अकराव्या मजल्यावरचं स्वतःचं घर. घरभरणी ठरली रविवारी. समीक्षाचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, आदल्या दिवशी एसटीने आले, खांद्यावर ओल्या शेंगांचं पोतं. बायको गेल्यापासून नाना कुठे राहायला जात नसत. सहा वर्षांत मुलीच्या घरी दोनदा आले होते, तेही उभ्या उभ्या. मुक्काम हा पहिलाच.

राऊळांकडे कुठलंही कार्य गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. घरचा कर्ता पुरुष देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि मालवणीत देवाला सगळं सांगतो, कोण जमलंय, काय हवंय, काय चुकलंय. त्याच्या प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. म्हणजे ते मागणं मग एकट्याचं राहत नाही.

गुणाजींनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खणखणीत सुरुवात केली. "बा रवळनाथा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी ह्या नव्या घराची भरणी केल्यानी आसा, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"हय माजी बायल जानकी, झील सुयोग, तेची ती घाटीण, नात प्रांजल, सगळी तुझ्यापुढे हात जोडून उभी आसत. तेंका सुखात ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तीसेक माणसं एका दमात म्हणाली.

नानांना ही रीत नवीन होती. सगळ्यांचे आवाज थांबल्यावर त्यांचा एकट्याचा आला, "व्हय महाराजा." जानकीबाई त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या. नानांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिलं, ते जानकीबाईंनी पाहिलं. समीक्षा खाली वाकून प्रांजलच्या फ्रॉकची नाडी बांधू लागली. नाडी आधीच बांधलेली होती.

नव्या घरातल्या सगळ्यांची नावं देवाच्या कानावर गेली होती, या मुलीचं तेवढं गेलं नव्हतं. आणि तिच्या बापाने हात जोडून त्याला होकार दिला होता. जानकीबाईंना ते खुपलं. तरी पानं वाढायची होती, वडे तळायचे होते, म्हणून त्या कामाला लागल्या.

पंगत बसली. सुयोगने हौसेने म्हटलं, "आई, नानांना मरोळची गोष्ट सांग ना. झकास आहे, नाना, ऐकाच."

जानकीबाईंनी सवयीने सुरुवात केली. टेबल सांगितलं, चौदा बायका सांगितल्या, टेम्पो सांगितला. "आणि तो साहेब काय म्हणायचा आम्हाला..." इथे त्या थांबल्या. समोर नाना बसले होते, वड्याचा तुकडा हातात धरून, मान थोडी कलती करून नीट ऐकत होते. चाळीस वर्षं बिनदिक्कत सांगितलेला तो शब्द जानकीबाईंच्या तोंडून निघेना. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"म्हणायचा काहीतरी," त्या म्हणाल्या. "थांबा, सांबारं आणते."

ओट्यापाशी समीक्षा वडे काढत होती. जानकीबाईंनी दार लोटून घेतलं.

"नाना काही बोलले तुला?"

"नाही. ते बोलणारच नाहीत."

"आणि तू?"

"मला सवय झालीय, आई."

"मरोळला मलाही झाली होती," जानकीबाई म्हणाल्या. "दोन वर्षं."

समीक्षाने गॅस बारीक केला. "वाईट वाटायचं. नाही कशाला म्हणू? पण प्रांजलच्या वेळी तुम्ही माझं जे केलंत ना, त्यानंतर एका शब्दावरून काय भांडायचं, असं वाटायचं. नानांनी ते काही बघितलेलं नाही. त्यांनी फक्त शब्द ऐकला."

जानकीबाईंनी ओट्यावरच्या डब्यांवरून नजर फिरवली. मग एकदम म्हणाल्या, "कुटाची बरणी कुठे गेली गं?"

"टाकली. इथे खातं कोण?"

नाना चारला निघणार होते, पाटणची गाडी धरायला. घड्याळात तीन वाजून गेले होते. नंतर फोन करून बोलता आलं असतं, दिवाळीला पाटणला जाऊन माफी मागता आली असती. पण जे सगळ्यांसमोर देवापुढे झालं, ते फोनवर निस्तरणार कसं? जानकीबाईंनी हात पुसले आणि गुणाजींना बाल्कनीत बोलावलं.

"परत गाऱ्हाणा घालूचा आसा," त्या म्हणाल्या.

"एकदा घातलंय मा?"

"त्यात सुनेचा नाव खय होता?"

गुणाजी गोंधळले. "अगो, प्रेमान म्हणतंव आपण."

"तो साहेबपण हसानच म्हणायचो."

गुणाजींनी आतल्या माणसांकडे पाहिलं. म्हणाले, "माका जमाचा नाय आता. माणसां काय म्हणतली?"

"तुमका कोण सांगता? मी घालतंय."

"बायल माणूस गाऱ्हाणा घालता खय?"

"आज घालता," जानकीबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

नाना पिशवी घेऊन दाराशी उभे होते. जानकीबाईंनी त्यांना हाताने थांबवलं, एक नारळ घेतला, देवापुढे ठेवला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. गप्पा आपोआप बंद पडल्या. कोणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

"बा रवळनाथा म्हाराजा, सकाळच्या गाऱ्हाण्यात एक चूक झाली. ती माज्या घोवाची नाय, माजी. आजची नाय, सहा वर्सांची." आवाज कापत होता, त्यांनी तो कापू दिला. "मरोळाक जो शब्द माका झोंबलो, तोच मी माज्या सुनेक चिकटवलंय. तुझ्यापुढे तिचा नाव घेवचा रवला. तिचा नाव समीक्षा. पाटणच्या नानांचा चेडू. माज्या नातीची आवस. तिका ह्या घरात तिच्या नावानच हाक मारूची. तो शब्द माज्या तोंडातसून इलो, माज्यापासूनच बंद होवंदे. आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडात इलो, तर तेका ह्या घरात वडे मेळाचे नाय. चुकला माकला पदरात घे रे म्हाराजा."

कोणीच काही म्हणेना. बाईने घातलेल्या गाऱ्हाण्याला होकार द्यायचा असतो की नाही, हे त्या तीस माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. सगळे गुणाजींकडे बघू लागले आणि गुणाजी फरशीकडे. जानकीबाई हात जोडून तशाच उभ्या राहिल्या. उत्तर येईपर्यंत जागची हलायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"व्हय महाराजा," दाराशी नाना म्हणाले. सकाळी सर्वांच्या मागून आलेला आवाज या वेळी सर्वांत पहिला आला.

मग सुयोगने म्हटलं, मग सगळ्यांनी. समीक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच तोंडावर धरून रडत होती. गुणाजींनी डोक्याला पुन्हा टॉवेल गुंडाळला, पुढे होऊन देवापुढचा नारळ उचलला आणि खाकरले. सहा वर्षांत ते नाव त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं, त्यामुळे थोडं अडखळत आलं.

"समीक्षा," ते म्हणाले, "बाये, कोयतो हाड गो. नानांका परसाद देवन् सोडूया."

"आणते, बाबा," ती म्हणाली.