गाणं चालू असताना उठणारी माणसं

कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. आई पोळ्या लाटताना गुणगुणते, तेवढाच काय तो आवाज. अशात प्रणालीचा फोन आला. आम्ही एका वर्गात होतो. ती डिग्री घेऊन नागपूरला परतली.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर नाही देणार. रविवारी माझं गाणं आहे. आधी ऐक, मग बोलू."

प्रश्न काय होता हे सांगायला नकोच. शनिवारी पुण्याहून स्लीपर बस पकडली.

अमरावती रोडने येणार असाल तर हाताशी वेळ ठेवा, नागपूरच्या वेशीवर, वाडीत, ट्रकांमध्ये बस हमखास अडकते. मी ड्रायव्हरशी भांडलो. बस हलली नाही. उतरल्यावर तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, डोळ्यांतून पाणी, आणि राग निम्म्यावर.

दुपारी सीताबर्डीकडचं एक जुनं नाट्यगृह बघितलं. प्रयोग नव्हता, पण पहारेकऱ्याने विनवण्यांनंतर आत सोडलं. शेवटच्या रांगेत बसलो. रिकाम्या रंगमंचावर प्रणाली दिसायला लागली. तिसरी घंटा झालीय, दारं बंद, कोणी खोकतसुद्धा नाही. गाणं असंच ऐकायचं असतं, अशी माझी पक्की समजूत.

नंतर धरमपेठेतल्या एका कॅफेत गेलो. गिटारवाला पोरगा छान गात होता, लोक फ्राइज खात होते. कॉफी महाग. गाणं मात्र फुकट, म्हणून बहुधा कोणी ऐकत नव्हतं. चिडून निघालो आणि ऑटोने जरीपटक्याच्या बाजूला, इंदोऱ्यात प्रणालीच्या कार्यक्रमाला पोचलो.

मैदानात मांडव, सतरंज्या, ढोलक, हार्मोनियम. भीमगीतांचा कार्यक्रम. मी मांडवाच्या दाराजवळच बसलो. प्रणालीने पहिली ओळ उचलली आणि माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात समोरचे दोघं उठले. मग आणखी चौघं. माझ्या शेजारच्या मावशीही पदर खोचून उठल्या. माझं डोकं फिरलं. मी हात आडवा घातला.

"काहून गा, वाट काहून अडवून राहिला?"

"गाणं चालू आहे! असं उठून जाणं म्हणजे तिचा अपमान आहे!"

"जाऊन कोण राहिलं? पोरीले बक्षीस द्यायले चालली मी! कुठचा तू?"

"पुण्याचा."

"मंग बरोबर आहे!"

आजूबाजूला हशा पिकला. मावशींनी माझं मनगट धरलं. "चाल, तू बी चाल."

स्टेजवर रांग होती. प्रत्येक जण हातात नोट देत होता आणि प्रणाली सूर न सोडता मान झुकवत होती. रांगेतच एकाने माझं नाव विचारून घेतलं. मी दहाची नोट पुढे केली. तिने बघितलं आणि मुद्दाम तीच ओळ पुन्हा घेतली. कडवं संपल्यावर माईकवरून घोषणा झाली, "पुण्याचे ओंकारभाऊ यांच्याकडून दहा रुपये. जय भीम!"

कार्यक्रमानंतर मांडवामागे चहा घेताना ती म्हणाली, "मावशीले अडवलं म्हणे तू."

"तुझ्यासाठी."

"माह्यासाठी भांडू नको. माह्यासाठी उठून येत जाय."

"म्हणजे हो?"

"म्हणजे पुढच्या कार्यक्रमाले ये. पुढं बस, दाराजवळ नको."

परतीच्या बसमध्ये मी कोणाशीही भांडलो नाही. घरी पोचलो तेव्हा आई पोळ्या लाटत गुणगुणत होती. एरवी मी खोलीत निघून जातो. या वेळी पाकिटातून नोट काढली, पोळपाटाशेजारी ठेवली आणि मोठ्याने म्हणालो, "पुण्याचे ओंकारभाऊ यांच्याकडून दहा रुपये!"

आईचं लाटणं थांबलं.

"दहाच?" ती म्हणाली, आणि पुढचं कडवं जरा मोठ्याने घेतलं.