मापाच्या वर थोडं

बबनमामा कामासाठी विचारायला आले तेव्हा त्यांनी आधी मला नमस्कार केलाच नाही. थेट कोपऱ्यात चालू असलेल्या यंत्रापाशी गेले, पाइपला उलटा हात लावला आणि म्हणाले, "चालतंय, पण निम्मा गॅस नुसता बसून खातोय." यंत्राचा आराखडा माझा होता, त्यामुळे मला राग आला. नंतर तपासलं तर मामांचं खरं निघालं, आणि मग जास्तच राग आला. तरी त्यांना कामावर घेतलं.

शिवऱ्यात हायवेलगत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथं आम्ही हीट पंप बनवतो, म्हणजे हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारी यंत्रं. आत प्रोपेन भरतो. तो हवामानाला बाधत नाही, पण पेट घेतो, म्हणून जितका कमी तितका बरा. आमची मर्यादा दीडशे ग्रॅमची. मामांनी मात्र नसरापुरात उभा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात घालवलेला, त्यांना ग्रॅमचं कौतुक नव्हतं.

पण नजर पक्की. माझ्या आराखड्यातल्या गॅस साठवायच्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो पावणा हितं कशाला? कामाला हात लावत न्हाई." डबा काढला, पाइप आखूड केले, नळ्या बारीक घेतल्या. गॅस एकशे पंचेचाळीसवर आला आणि पाणी तितकंच तापलं. त्या दिवशी मी सगळ्यांना भेळ खाऊ घातली.

पहिलं यंत्र वेल्ह्यात मुलींच्या वसतिगृहाला द्यायचं होतं. ते न्हाणीशेजारच्या खोलीत बसणार, म्हणून तपासणीत पास झालं तरच घेणार होते. नाहीतर मुलींची थंडी गार पाण्यातच जायची. तपासणीच्या साहेबांनी यंत्रातला गॅस काढून तोलला. भरला एकशे साठ.

काटाच बिघडलाय, असं मी बोलणार होते. साहेबही काट्याकडेच बघत होते. तेवढ्यात मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, काटा बरोबर हाय. चूक माझ्या हाताची. आमचं घर दूधवाल्याचं. माप भरलं की वर थोडं घालायचं, ही लहानपणापासूनची सवय. काट्यावर भरून झालं आन् वर जरासा सोडला म्या."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी यंत्र नापास केलं. आठवड्यानं परत आले तेव्हा गॅस मी भरला. मामा हात पाठीमागे बांधून उभे होते. यंत्र पास झालं. त्यानंतर मामांनी गॅस भरायचं काम स्वतःहून सोडलं. नसरापूरच्या मिस्त्री लोकांनी त्यांना बरेच दिवस चिडवलं.

मी एकदा विचारलं, "मामा, गप्प बसला असता तर काट्याच्या नावावर खपून गेलं असतं की."

"व्हय. पण मग पोरींच्या शेजारी गॅस किती हाय, ते कुणाला ठावं असतं?"

मामांना जाऊन दोन वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. वेल्ह्यातलं यंत्र अजून चालू आहे. त्यात किती गॅस आहे, ते मला ग्रॅमपर्यंत ठाऊक आहे, आणि मी निवांत झोपते.